सुई, नस आणि हातगुण

प्रश्न एका मुलीचा आहे. आई ६३ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची झीज, शिवाय मधुमेह. मुलीला स्वतःला महिन्यातून चार-पाचदा अर्धशिशी. ओळखीतल्या कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलं आणि वर सांगितलं, ‘शुगरची गोळीही सुटेल.’ तिला तीन गोष्टी हव्या आहेत: हे नक्की काम कसं करतं, कशावर उपयोग होतो, आणि धोका किती.

आधी ते शुगरचं. सुयांनी मधुमेहाची गोळी सुटत नाही. तसं सांगणाऱ्याकडे आईंना नेऊ नका, त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं टांगलेली असोत. आता बाकीचं सावकाश सांगते.

मी मूळची भूलतज्ज्ञ. ऑपरेशन थिएटर आणि जुनाट दुखण्याची ओपीडी असं करता करता सुयांकडे वळले, त्याला चोवीस वर्षं होतील. शिकताना नकाशा पाठ केला: बारा मुख्य वाहिन्या, अंगाच्या मधोमध पुढून एक आणि मागून एक अशा आणखी दोन, आणि त्यांवर ३६१ बिंदू. त्यांतून ‘ची’ नावाची शक्ती वाहते, ती तुंबली की दुखणं, सुईने वाट मोकळी झाली की आराम. हे माझ्या गळी उतरेना. रोज उघडलेली पोटं आणि मांड्या पाहत होते, त्यांत अशी वाहिनी कधी दिसली नव्हती. पण सुया लावलेला पेशंट ‘बाई, आज बरं वाटतंय’ म्हणत होता, तेही खोटं म्हणता येईना. नकाशा पटत नाही आणि गुण तर येतोय, असा तो पेच होता.

पहिल्यांदा येणाऱ्याच्या डोळ्यासमोर इंजेक्शनची सुई असते. ही सुई तशी नसते. रक्त काढायची सुई साधारण ०.७ मिलिमीटर जाड आणि आतून पोकळ असते. आमची पाव मिलिमीटर जाड, भरीव, स्टीलची, आणि बोटांत धरली तर लवते. ती मांस कापत जात नाही, तंतू बाजूला सारत जाते. टोचताना डास चावल्याएवढं कळतं, कधी तेवढंही नाही. खरी गंमत पुढे आहे. सुई स्नायूत पोचून जराशी फिरवली की एक वेगळीच जाणीव होते: जडपणा, ताण, खोल कुठेतरी ठणक, मुंग्या. चिनी लोक तिला ‘द-ची’ म्हणतात. माझे पेशंट म्हणतात, ‘आत काहीतरी ओढल्यासारखं झालं.’ ही जाणीव आली की सुई लागू पडली असं परंपरा मानते. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. निम्मे पेशंट झोपतात, काही घोरतात.

हे ‘ओढल्यासारखं’ नुसतं मनाचं नाही. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात हेलीन लँजव्हिन यांनी सुई बाहेर काढायला किती जोर लागतो तेच मोजलं. फिरवलेल्या सुईला जास्त जोर लागला. चरख्याच्या चातीवर सूत गुंडाळावं तसे त्वचेखालच्या जोड-ऊतींचे तंतू सुईभोवती गुंडाळले जातात आणि आजूबाजूची पेशी न् पेशी ताणली जाते.

पुढचं काम नसांचं. त्वचेत आणि स्नायूंत बारीक चेतातंतू असतात, ते ही खबर मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत नेतात. दुखण्याची खबरही तिथूनच वर जाते. गुडघा आपटला की आपण नकळत तो चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा संदेश आत शिरला की दुखण्याच्या संदेशाला दार थोडं लोटलं जातं. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हा दाराचा सिद्धांत मांडला. दुसरी गोष्ट मेंदूत घडते. शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं तयार करतं, त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. टोरांटोच्या ब्रूस पोमरान्झ यांनी १९७६ मध्ये उंदरांवर दाखवलं की सुयांनी आलेला आराम नॅलोक्सोन दिल्यावर जातो. नॅलोक्सोन म्हणजे अफूवरचा उतारा, आमच्या थिएटरच्या ट्रॉलीत तो नेहमी असतो. मला ‘ची’पेक्षा ही भाषा लवकर कळली. बीजिंगच्या हान जिशेंग यांनी पुढे सुयांना वीज जोडून पाहिलं: सेकंदाला दोन ठोके दिले तर एक प्रकारची द्रव्यं सुटतात, शंभर दिले तर दुसरी. म्हणून आमच्या छोट्या यंत्रावर ते बटण असतं.

अलीकडचं सांगायचं तर २०१० मध्ये रॉचेस्टरच्या मैकेन नेदरगार्ड यांच्या गटाला उंदराच्या गुडघ्याजवळ सुई अधूनमधून फिरवल्यावर तिथे ॲडेनोसिन साठताना दिसलं. ॲडेनोसिन दुखण्याच्या नसेला स्थानिक पातळीवर शांत करतं. ज्या उंदरांत त्याची पकड घेणारा रिसेप्टरच नव्हता, त्यांना आराम पडला नाही. आणि २०२१ मध्ये हार्वर्डच्या मा च्युफू यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या मागच्या पायाच्या एका बिंदूवर हलकी वीज दिली की मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला निरोप जातो आणि अंगातली सूज उतरते. पोटावरच्या बिंदूवर तीच वीज दिली तर हे होत नाही, कारण निरोप नेणारे ते विशिष्ट तंतू पायाच्या खोल भागात असतात आणि पोटाच्या त्या जागी नसतात. म्हणजे जागेला काही अर्थ आहे. पण तो नसांच्या मांडणीचा अर्थ आहे. आणि हे उंदीर आहेत, हेही विसरायचं नाही.

माणसांवरच्या प्रयोगांनी मात्र मला हादरवलं. औषधाची परीक्षा घ्यायला साखरेची गोळी देता येते, सुईची कशी घेणार? दोन युक्त्या निघाल्या. एक म्हणजे भलत्याच जागी, वरवर सुई टोचायची. दुसरी १९९८ मध्ये जर्मनीत स्ट्राइटबर्गर यांनी काढली: नाटकातल्या खंजिराचं पातं जसं मुठीत सरकतं, तशी सुई. टोक बोथट असतं. टोचल्यासारखं वाटतं, आत काही जात नाही.

जर्मनीतल्या विमा कंपन्यांच्या पैशातून मोठे प्रयोग झाले. तुमच्या आईंच्याच आजाराचा घ्या, गुडघ्याची झीज, सुमारे १००० पेशंट, २००६ मधला. खऱ्या ॲक्युपंक्चरने शंभरातल्या ५३ जणांना ठरवलेल्या मापाइतका गुण आला. भलत्या जागी सुया टोचलेल्यांपैकी ५१ जणांना आला. डॉक्टरांच्या भेटी आणि गोळ्या यांच्यावर राहिलेल्यांपैकी २९ जणांना. कंबरदुखीचे आकडे पुढच्या वर्षी आले, साधारण ४८, ४४ आणि २७.

हे वाचलं त्या रात्री मी माझी बिंदूंची वही कपाटात टाकली. इतकी वर्षं ‘चार बोटं खाली, एक बोट बाहेर’ असं मोजत बसले ते कशासाठी? नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, भलत्या जागी टोचलेली सुईसुद्धा सुईच असते. ती नसेला जागं करतेच, साखरेच्या गोळीइतकी निष्क्रिय ती नाही. दुसरी गोष्ट आपल्या आज्यांना ठाऊक होती. ‘अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे’ असं आपण म्हणतो. हातगुण. अर्धा तास कुणीतरी निवांत बसून ऐकतं, दुखरी जागा हाताने चाचपतं, झोपवतं, दिवा मंद करतं. शिवाय सुई टोचणं हा काही लहान सोहळा नव्हे. गोळीपेक्षा इंजेक्शनवर आपला विश्वास जास्त, हे खेड्यातल्या कुठल्याही दवाखान्यात दिसतं. या विश्वासानेही मेंदू तीच एंडॉर्फिनं सोडतो. म्हणून हातगुणाला मी थोतांड म्हणत नाही. पण तो सुईचा गुण म्हणून विकणं मला मान्य नाही.

मग सुईचा स्वतःचा वाटा काही आहे का? आहे, लहान आहे. अनेक देशांतल्या ३९ प्रयोगांतल्या २०,८२७ पेशंटचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि डोकेदुखी यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरली, आणि काहीच न करण्यापेक्षा बरीच. हा गुण वर्षभराने फारसा ओसरलेला नव्हता. त्या ‘फारसा नाही’वर माझी प्रॅक्टिस उभी आहे, असं समजा.

जर्मन विमा गुडघ्यासाठी आणि कंबरेसाठी ॲक्युपंक्चरचे पैसे देतो. ब्रिटनची राष्ट्रीय मार्गदर्शिका मात्र सांगते की गुडघ्याच्या झिजेला ॲक्युपंक्चर देऊ नका. पुरावा बराचसा तोच. एकाने ५३ आणि २९ पाहिले, दुसऱ्याने ५३ आणि ५१. दोघांपैकी कुणालाही मी मूर्ख म्हणणार नाही.

तुमच्या अर्धशिशीचं गणित जास्त बरं आहे. कॉक्रेन ही जगभरचे प्रयोग एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१६ च्या आढाव्यात २२ प्रयोग होते. नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांपैकी शंभरातल्या १७ जणांचे झटके निम्म्यावर आले, सुया घेतलेल्यांपैकी ४१ जणांचे. खोट्या सुईशी तुलना केलेल्या प्रयोगांत ५० विरुद्ध ४१. रोजच्या प्रतिबंधक गोळ्या सोसत नसतील किंवा त्यांचा उपयोग होत नसेल, तर ब्रिटिश मार्गदर्शिकासुद्धा इथे पाच ते आठ आठवड्यांत दहा बैठकांपर्यंत विचार करा असं म्हणते. मात्र हे झटके कमी यावेत म्हणून. झटका सुरू असताना अंधाऱ्या खोलीत पडलेल्या माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात आणण्यात अर्थ नाही.

मळमळ आणि उलटी हा माझा लाडका विषय, कारण तो थिएटरातला आहे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधल्या दोन कंडरांच्या, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांच्या, मध्ये ‘नेइग्वान’ नावाचा बिंदू आहे. १९८० च्या दशकात बेलफास्टचे जॉन डंडी यांनी ऑपरेशननंतरच्या उलट्यांसाठी त्याचा अभ्यास सुरू केला. तेही भूलतज्ज्ञच, त्यामुळे जरा जवळचे वाटतात. आता या एका बिंदूवर ५९ प्रयोगांचा कॉक्रेन आढावा आहे, आणि उलटीच्या नेहमीच्या औषधांच्या जवळपास तो काम करतो असं दिसतं. दाबूनही चालतं, सुईच हवी असं नाही.

एक गैरसमज मात्र माझ्याच धंद्याशी संबंधित आहे म्हणून सांगते. ‘चीनमध्ये नुसत्या सुयांवर ऑपरेशन करतात’ हे तुम्ही ऐकलं असेल. ती हवा १९७१ पासूनची. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन बीजिंगला गेले आणि तिथे त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. लोक म्हणू लागले, सुया टोचून पोट उघडलं. रेस्टन यांनी स्वतःच लिहिलं आहे की भुलीची इंजेक्शनं नेहमीचीच होती. सुया आल्या नंतर, पोटात गॅस धरून कळा येऊ लागल्या तेव्हा. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. पण मधली ओळ गाळून वाचायची सवय सगळीकडेच असते.

मूल होण्यासाठी सुया घेणारी जोडपी येतात. टेस्ट ट्यूब उपचारांबरोबर सुया द्यायच्या का, यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. खऱ्या सुयांत १८.३ टक्के आणि खोट्यांत १७.८ टक्के स्त्रियांना मूल झालं. आधीच लाखो रुपये घातलेल्या जोडप्याला मी हे आकडे दाखवते. मन हलकं व्हावं म्हणून यायचं असेल तर या, मुलासाठी नको. वजन कमी करणं, गतिमंद मुलांची ‘बुद्धी उघडणं’, मूतखडा विरघळवणं, हे सारं मी करत नाही.

चेहऱ्याच्या लकव्याबद्दल मात्र थांबून सांगते, कारण त्यात नुकसान होतं. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळायला लागतं, डोळा मिटत नाही. आधी हा पक्षाघात नाही ना, हे डॉक्टरकडून त्याच दिवशी पाहून घ्यायला हवं. नसेल, तर त्या चेहऱ्याच्या लकव्यात दहापैकी सात जणांचा चेहरा काही न करता पूर्ववत होतो. त्यामुळे सुया लावणाऱ्याला, मसाज करणाऱ्याला आणि उतारा टाकणाऱ्यालाही सत्तर टक्के यश मिळतं. स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना वाचवता येतं. तेच तीन दिवस लोक सुया आणि तेलात घालवतात. माझ्याकडे सुयांसाठी आला तर मी आधी गोळी लिहून देते.

‘ही मुळात आपलीच विद्या, सुश्रुतांची’ असं सांगणारेही भेटतील. सुश्रुतांनी १०७ मर्मं सांगितली आहेत. पण मर्म म्हणजे जिथे शस्त्र लागू द्यायचं नाही ती जागा. आमचे बिंदू मुद्दाम टोचायचे, ती मुद्दाम चुकवायची. कान टोचण्याचंही तसंच, सोनारानं कान टोचले म्हणून दमा गेला असं मी तरी पाहिलं नाही. चीनमध्येही ही ‘अखंड पाच हजार वर्षांची’ परंपरा नाही. हबेई प्रांतात इ.स.पू. ११३ मधल्या एका राजपुत्राच्या थडग्यात सोन्या-चांदीच्या सुया सापडल्या, म्हणजे जुनी आहे खरी. पण १८२२ मध्ये सम्राटानेच राजवैद्यकाच्या संस्थेतून सुया हद्दपार केल्या होत्या. आज आपण वापरतो ती बारीक सुई आणि रक्तवाहिन्या चुकवून ठरवलेल्या जागा यांची घडी बरीचशी १९३० च्या दशकातली, चेंग दानआन यांनी बसवलेली.

आपला खरा धागा हवाच असेल तर तो सोलापूरला आहे, जरा वळण घेऊन. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, आणि कोलकात्याचे बिजय कुमार बसू. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले, १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन सुया शिकले आणि कोलकात्यात त्यांनी हा उपचार सुरू केला. भारतात ॲक्युपंक्चर रुजलं ते तिथून, आणि ते शिकवणाऱ्या समित्यांनी पुढे कोटणीसांचं नाव लावलं. कोटणीस स्वतः सर्जन होते, सुया टोचणारे नव्हते.

आता धोका. जर्मनीत २,२९,२३० पेशंटचा पाठपुरावा झाला. शंभरातल्या आठ-नऊ जणांना काहीतरी त्रास झाला, बहुतेकांना टोचलेल्या जागी रक्ताचा ठिपका किंवा काळंनिळं. फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा भरण्याचे दोन प्रसंग घडले. दोनच, पण ज्याला झालं त्याच्या दृष्टीने ती शंभर टक्के आपत्ती. म्हणून खांद्याच्या वर आणि पाठीच्या वरच्या भागात सुई टोचणाऱ्याला शरीररचना यायलाच हवी. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक चूक केली. तालमीतला दणकट मुलगा, खांदा दुखावलेला, सकाळचा व्यायाम करून उपाशीपोटी आला. मी त्याला स्टुलावर बसवूनच सुया लावल्या. तिसऱ्या सुईला तो पांढराफटक पडला आणि माझ्या अंगावर कोसळला. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, ‘मॅडम, तालमीत सांगणार नाही ना?’ तेव्हापासून पहिल्या बैठकीला प्रत्येकाला आडवं झोपवते आणि काय खाल्लं ते विचारते.

सुया नव्या, बंद पाकिटातल्या, एकदा वापरून टाकायच्याच हव्यात. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. काढताना लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजायला हव्यात. केसांत आणि घोट्यामागे एखादी राहून जाते. छातीत पेसमेकर असेल तर वीज जोडायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. गरोदर असाल तर तेही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. जत्रेत मिळणाऱ्या काट्यांच्या चपला आणि टोकदार लाकडी रूळ म्हणजे ॲक्युपंक्चर नव्हे. आणि आईंना तर त्या चपला अजिबात नकोत.

त्याचं कारण असं. मधुमेहात पावलं बधिर होतात, जखम झालेली कळत नाही. नेण्याआधी आईंच्या तळव्यांवरून कापूस फिरवून पाहा, त्यांना डोळे मिटून तो कळतो का. कळत नसेल तर ते सुया लावणाऱ्याला आधी सांगा. मी अशा पेशंटच्या पावलाला सुई लावत नाही, गुडघ्याभोवती लावते, आणि त्वचा धड असेल तरच. धूप जाळून शेक देण्याचा जो प्रकार आहे, दवण्याच्या कुळातल्या पाल्याची कांडी पेटवून, तोही त्यांना नको. भाजलेलं त्यांना कळणार नाही.

गुडघ्याची झीज सुयांनी भरून येत नाही. दुखणं थोडं उतरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम करता येतात, आणि खरा टेकू तो स्नायू देतो. माझ्याकडे आलेल्या बाईला मी सुया लावून झाल्या की खुर्चीवर बसवून पाय सरळ उचलायला लावते, प्रत्येकी दहा वेळा. घरी तो करत नसाल तर पुढच्या बैठकीचे पैसे घेताना मला संकोच वाटतो. आठवड्यातून दोनदा अशा सहा बैठका करा. पहिल्या दिवशी एका वहीत लिहा: किती पायऱ्या चढल्यावर थांबावं लागतं, रात्री किती वेळा जाग येते, दुखण्याची गोळी किती लागते. सहाव्या बैठकीनंतर वही उघडून पाहा. फरक नसेल तर थांबा, बाराव्याची वाट पाहू नका. तुमच्या अर्धशिशीचीही अशीच वही ठेवा, मात्र तिला दोन महिने द्या, कारण झटके मोजायला तेवढा काळ लागतो.

आईंना येताना सैल सलवार किंवा गाऊन घालून आणा, साडी गुडघ्यावर सरकवून धरताना बायका अवघडतात. आणि नाश्ता आणि शुगरची गोळी, दोन्ही घेऊनच घरातून निघा.